आपला मेटलंड मुंबईत सापडला

प्रिय नित्या,

दीड वर्ष पत्र नाही की फोन नाही, चूक माझीच. गुडघा ठीक आहे, आईचं बीपी गोळीवर चाललंय. ते जाऊ दे.

परवा फोर्टात काम होतं, तासभर मोकळा मिळाला म्हणून सेंट थॉमस कथीड्रलमध्ये शिरलो आणि बघतो तर मेटलंडचं स्मारक! आपला फ्रेडरिक मेटलंड रे, 'बेलेरोफॉन' या ब्रिटिश युद्धनौकेचा कप्तान, त्याने नेपोलियनला फसवलं की नाही यावरून तू होस्टेलवर तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास (डबा मात्र माझाच खात होतास). १५ जुलै १८१५ ला फ्रान्सच्या रोशफोर बंदरासमोर, शरण आलेल्या नेपोलियनला जहाजावर घेणारा माणूस मुंबईत पुरलाय, आणि आपण इतकी वर्षं याच चर्चवरून नाव पडलेल्या चर्चगेटला उतरत होतो. अंगावर काटा आला.

तेव्हापासून रात्री दोन-दोनपर्यंत त्याची कारकीर्द जुळवत बसतोय. १७७७ चा जन्म, स्कॉटलंडातला. १७९९ मध्ये त्याचं छोटं जहाज 'पेनेलोपी' स्पॅनिशांनी पकडलं, त्याला कादिझ बंदरात नेलं, पण तिथल्या ॲडमिरल माझारेदोने मेटलंडचा वरिष्ठ, ब्रिटिश ॲडमिरल सेंट व्हिन्सेंट याचे उपकार आठवून त्याला बदल्यात कैदी न मागताच सोडून दिलं. शत्रूचा असा दिलदारपणा ज्याने भोगलाय तो पुढे दुसऱ्याला फसवेल का, हा माझा मुद्दा होता, आठवतं?

पण आता मीच अडकलोय. नेपोलियनचा माणूस लास काझ बोलणी करायला आला तेव्हा मेटलंडने सांगितलं, इंग्लंडला नेतो, पण तिथे कसं वागवतील याची हमी देत नाही. आणि वरून हुकूम काय, तर नेपोलियन निसटता कामा नये. मग 'हमी नाही' आणि 'कैदी म्हणून नेतोय' यात फरक आहेच ना, गच्चीवर तू हेच ओरडत होतास आणि मी ऐकून घेतलं नाही. नेपोलियनला दूर सेंट हेलेना बेटावर कैदेत पाठवायचा निर्णय लंडनचा, त्याचा नाही, नेपोलियनने हिरे जडवलेली, स्वतःचं चित्र असलेली डबी देऊ केली तीही त्याने घेतली नाही, ७ ऑगस्टला त्याला 'नॉर्थंबरलँड' या दुसऱ्या जहाजावर सोपवून मोकळा झाला. आणि तरी ११ वर्षांनी, १८२६ ला, त्या शरणागतीवरच पुस्तक छापलं. मनात काही सलत नसेल तर माणूस इतक्या वर्षांनी कशाला लिहील रे? मला हेच खातंय.

आणि शेवट बघ. ३० नोव्हेंबर १८३९ ला मुंबईजवळ समुद्रात वारला तो 'वेलस्ली'वर, म्हणजे आपल्याच गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं, सागवानी, ७४ तोफांचं जहाज, तेही १८१५ लाच पाण्यात उतरलेलं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत याच तोफांनी कराचीचा मनोरा किल्ला फोडला, हुकूम त्याचाच. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं ज्याची बाजू घेतली त्याला भला माणूस म्हणायला जीभ रेटेना, आणि सोडवतही नाही.

चिऊच्या दहावीचं कळलं, मस्त! नवं घर झालं का, वहिनींना नमस्कार. मे मध्ये नक्की ये. चर्चगेटला उतरून चालत जाऊ, तिथे उभा राहून तुझं सगळं परत सांग, या वेळी मी मधे बोलणार नाही.

तुझा,
पम्या