रोबोटला शेपटी लावा, चेहरा नको

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत माणसासारखा चेहरा असलेल्या रोबोटचा फोटो बघून आमच्याकडे सगळ्यांनाच जरा कसंतरी वाटलं. जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरींनी हे १९७० मध्येच लिहून ठेवलंय की मशीन जवळजवळ माणसासारखं दिसायला लागलं की आपुलकी वाढायच्या ऐवजी किळस येते, तरी कंपन्या रबराचे ओठ बनवत बसल्यात!

त्यापेक्षा जनावरांकडून शिका ना. कॅनडात मॅनिटोबा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी झाडू मारणाऱ्या रोबोटला चक्क कुत्र्याची शेपटी लावून बघितली आणि ती कशी हलते, किती वर आहे यावरून लोक त्याचा मूड ओळखायचे, काही शिकवावं लागलं नाही. जपानचा पारो नावाचा रोबोट तर सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू आहे, कुत्रा-मांजर मुद्दाम नाही घेतलं, कारण ते आपण रोज बघतो आणि नकलीपणा लगेच पकडतो, सील कोणी पाळलाय? डिमेन्शियाच्या, म्हणजे विसरण्याच्या आजाराच्या, पेशंटांना त्याचा उपयोग होतो म्हणे, आपल्या इंदूरच्या वृद्धाश्रमांत कोणी आणेल का माहीत नाही, महाग प्रकरण आहे.

एक लोचा मात्र आहे. कुत्र्याने शेपटी हलवली तर बहुतेक वेळा तो खुश असतो, मांजर शेपटी आपटायला लागली की समजायचं बाईसाहेब चिडल्यात. मग कंपनीवाल्यांनी आधी ठरवावं कोणाची शेपटी लावताय, आणि डब्यावर तसं छापावं, हिंदीत पण.

– एक वाचक, रामबाग, इंदूर