बकिंगहॅम कालवा : मित्रास पत्र

चेन्नई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फोटो पाहून तू लगेच विचारलंस, "या घाण नाल्यात तुला एवढं काय दिसतं?" फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो नाला नाही रे, कालवा आहे. आंध्रातल्या पेद्दगंजामपासून इकडे मरक्काणमपर्यंत समुद्राला समांतर जाणारा, सुमारे ४२० किलोमीटर लांबीचा. बराचसा भाग किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर आत. शेतीला पाणी द्यायला तो खोदलाच नव्हता, त्यातलं पाणी खारं. मद्रासचा समुद्र उघडा आणि लाटा दांडग्या, तेव्हा माल न्यायला आतून शांत पाण्याची वाट हवी होती. बेसिल कॉकरेन नावाच्या व्यापाऱ्याने १८०६ च्या सुमारास मद्रास ते एन्नोर हा पहिला तुकडा काढला. सरकारने १८३७ मध्ये तो ताब्यात घेतला आणि उत्तरेला, दक्षिणेला वाढवत नेला. नावा कधी शिडावर, कधी बांबूने रेटत, कधी काठावरून माणसं दोर ओढत नेत. पाण्याची पातळी जुळवायला जागोजाग दरवाजे होते. शहराला लागणारं सुरूचं सरपण, मीठ, तांदूळ, चुन्यासाठी शिंपले, सगळं या वाटेने यायचं. मुंबईहून गाडीने येताना सेंट्रलच्या जरा आधी बेसिन ब्रिज स्टेशन लागतं, ते नाव या कालव्याच्या नावा थांबायच्या गोदीवरून पडलं.

आता माझा जीव जिथे अडकलाय ते सांगतो. उत्तरेचा कालवा आणि दक्षिणेचा कालवा यांच्यामध्ये खुद्द मद्रास शहर होतं. कूवम नदीपासून अड्यार नदीपर्यंतचा, अवघ्या आठ किलोमीटरचा दुवा राहिला होता. तो १८७७-७८ मध्ये खोदला गेला, दुष्काळी काम म्हणून. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ आपल्याकडे सोलापूर, विजापूर भागातही माणसं मारत होता. एकूण बळी पन्नास लाखांच्या वर गेले असं मानतात. इकडे सर रिचर्ड टेंपल दुष्काळाची पाहणी करायला आले आणि त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला! मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी आकडे मांडून कडाडून विरोध केला, तेव्हा काही महिन्यांनी तो दर बदलावा लागला. आणि टेंपलसाहेब त्याच वर्षी, १८७७ मध्ये, आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

कालव्याला नाव मिळालं मद्रासच्या गव्हर्नरचं, ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं. ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांच्यातल्या एकाचंही नाव काठावर कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो यावाच असं वाटतं.

पुढे रेल्वे आली, रस्ते आले, माल तिकडे वळला. १९६५-६६ च्या वादळांनी उरलंसुरलं मोडलं, गाळ साचत गेला. मग शहराने त्यात सांडपाणी सोडलं. शेवटी लोकल रेल्वेसाठी जागा हवी झाली, तेव्हा मैलापूरच्या बाजूला कालव्याच्या पात्रातच खांब उभे केले. मंदवेळीच्या पुलावरून खाली बघ, काळ्या पाण्यात काँक्रीटचे जाडजूड पाय, त्यांना अडकलेल्या पिशव्या, थर्माकोल, आणि एखाद्या चौथऱ्यावर बगळा. मी ज्या लोकलने ऑफिसला जातो, ती या पायांवरूनच धावते.

२००८ मध्ये याला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये घेतलं. नावा परत येतील अशी मला शहरात तरी आशा नाही, पुलांखाली जागाच उरली नाही. पण पावसाचं पाणी वाहून न्यायला हे पात्र मोकळं हवंच हवं. कोसस्थलैयार, कूवम, अड्यार या तिन्ही नद्यांना जोडणारी ही एकच वाट आहे. २००४ च्या त्सुनामीत लाटांचं पाणी या कालव्याने पोटात घेतलं आणि आंध्रकडच्या कित्येक कोळ्यांचा जीव वाचला, असं अभ्यासकांनी लिहिलंय.

जानेवारीत ये, तेव्हा हवा बरी असते. कोट्टूरपुरमला उतरून कॅनॉल बँक रोडने चालू, मग एक दिवस दक्षिणेला मुट्टुकाडला जाऊ, तिथे पाणी अजून मोकळं आहे.

एक काम कर. तुझ्या आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या ना? त्यांच्याजवळ बसून विचार, खड्ड्याचं माप कोण घ्यायचं, मजुरी रोज मिळायची की आठवड्याने, लहान पोरं कुठे ठेवायची, सुकडी किती मिळायची. त्या सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. इथल्या कामावर आलेल्यांना हे विचारायला कुणी गेलं नाही.

आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मंदार