राज्यशास्त्र घेऊन सरपंच व्हायचंय का?

महोदय,

दहावीला बरे गुण असूनही मी कला शाखा घेतली, तेव्हा मामांनी विचारलं, "राज्यशास्त्र घेऊन सरपंच व्हायचंय का?" लातूर पॅटर्नच्या या मुलखात नीट-जेईई न देणारं पोरगं वाया गेलेलंच धरतात. पण मराठवाड्याचं रडगाणं समजायला हाच विषय लागतो. मराठवाड्याला विकासात न्याय्य वाटा देऊ म्हणणारा १९५३चा नागपूर करार, त्यासाठी विकास मंडळांची तरतूद करणारं राज्यघटनेचं कलम ३७१(२), त्यानुसार १९९४मध्ये आलेलं वैधानिक विकास मंडळ आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपलेली त्याची मुदत! टँकरमागे कळशी घेऊन धावताना हे कोण सांगणार?

महिला ग्रामसभा नियमित ग्रामसभेआधी घ्यावी, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात येतो, आई पिठाच्या हातानं सही करते. झाली सभा! मी तिला ठराव वाचायला लावला, तर शिपाईच चिडला.

आमच्या महाविद्यालयात या विषयाला कायम शिक्षक नाही. पोरं गाईडवर भागवतात. निदान प्रकल्पाचे गुण तरी ग्रामसभेला बसून, तिचं इतिवृत्त लिहिणाऱ्याला द्यावेत. त्याला अनुदानही लागत नाही.

– बारावी कला शाखेची विद्यार्थिनी, जि. जालना