पाताळपाणीच्या घाटाला वेळापत्रक द्या

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांस
स. न. वि. वि.

यंदा आम्ही घरची मंडळी इंदूरहून उटीला जाऊन आलो. बॉटनिकल गार्डन, दोड्डाबेट्टा शिखर, तळ्यातली बोट, सगळे रीतसर पार पडले. त्यात तुम्हाला कळवावे असे काही नाही. पत्र लिहितोय ते मेट्टुपालयमहून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी उटीसाठी सुटणाऱ्या डोंगरी गाडीमुळे, आणि खरे सांगायचे तर इंदूरजवळच्या आमच्या पाताळपाणी-कालाकुंड रेल्वेघाटासाठी.

निलगिरीची ती मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांची) गाडी जेमतेम ४६ किलोमीटर चढायला जवळजवळ पाच तास घेते, आणि डब्यात कोणी कुरकुरत नाही. कल्लार ते कुन्नूर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे. इंजिनाचे दाते तिच्यात अडकवत गाडी वर सरकते. चढावर इंजिन मागे असते, म्हणजे गाडी ओढत नाही, ढकलते. प्रत्येक डब्यावर झेंडी घेतलेला ब्रेकवाला उभा. रेल्वे १८९९ साली कुन्नूरला पोचली, १९०८ साली उटीला, आणि २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

मला मात्र त्या वारशापेक्षा वेळापत्रकाचे कौतुक वाटले. चेन्नईहून येणारी निलगिरी एक्सप्रेस पहाटे मेट्टुपालयमला पोचते आणि समोर घाटाची गाडी उभी असते. पुढे कुन्नूर आणि उटीदरम्यान दिवसात अनेक फेऱ्या होतात. वेलिंग्टन, अरुवंकाडू, केट्टी अशा लहान स्टेशनांवर भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसेही चढतात, नुसते आमच्यासारखे फोटोवाले नव्हे. पावसाळ्यात दरड कोसळली की गाडी बंद पडते, मग रूळ मोकळे करून पुन्हा सोडतात.

आता आमच्याकडे या. तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) १८७० साली या रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्क्यांनी. त्या पैशातून खंडव्याहून इंदूरला रूळ आले, तेही चोरल नदीच्या काठाने, बोगदे खोदून, चाळीसात एक (चाळीस फुटांमागे एक फूट) असा चढ घेत. उटीच्या बारात एकपुढे हा चढ सौम्यच. दातेरी पट्टीचीही गरज पडली नाही, मागून जादा इंजिन लावले की भागायचे. कालाकुंडला गाडी थांबली की पानात बांधलेला कलाकंद घेतल्याशिवाय आमच्या घरात कोणी परत आलेले नाही. (नावावरून हा पदार्थ सुचला की पदार्थावरून नाव पडले, यावर आमच्या रामबागेत आजही वाद होतात.)

आता या मार्गाचे ब्रॉडगेज (रुंद रूळ) होते आहे. त्याला माझा विरोध नाही, उलट घाईच आहे. कोइंबतूरला जाणारी आमची अहिल्यानगरी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा, आणि तीही भोपाळचा वळसा घेऊन. खंडव्याची वाट सरळ झाली तर दक्षिण जवळ येईल. नवा मार्ग जुना घाट टाळून काढलाय हेही योग्यच झाले. त्यामुळे मीटरगेजचा तुकडा वाचला आणि २०१८ च्या डिसेंबरात त्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली. त्याबद्दल आभार.

पण ती गाडी सहलीची झाली आहे. पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा भरला की गर्दी, आणि चालते तीही बहुतेक शनिवार-रविवार धरून. विस्टाडोम डब्याच्या मोठ्या काचेतून दरी छान दिसते, मान्य आहे, पण काच उघडून वारा घेता येत नाही. ज्या गाडीची वेळ लोकांना पाठ नसते, तिची सवय लागत नाही, आणि सवय नसलेली गाडी तोट्याच्या फायलीत पहिली बंद होते. ही भीती आहे म्हणून आत्ताच लिहितोय.

तेव्हा मागणी अशी: पाताळपाणी-कालाकुंड गाडी रोज धावू द्या, दरडीचे दिवस सोडून. तिला साधे डबे आणखी जोडा, तिकीट सहज मिळू द्या. इंदूर आणि महूहून पाताळपाणीला पोचणारी गाडी तिच्या वेळेशी जुळवा, जशी मेट्टुपालयमला जुळवली आहे. तोट्याचा हिशोब करायचाच असेल तर निदान सलग काही वर्षे रोज चालवून मग करा. आणि दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला यांच्या पंक्तीत या घाटाचाही प्रस्ताव युनेस्कोकडे पाठवता येईल का, तेही तुमच्या अधिकाऱ्यांना तपासायला सांगा.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक इंदूरकर प्रवासी
रामबाग, इंदूर