पुण्याला मुलींची लीग हवी, आणखी एक चषक नको

महोदय,

महिला फुटबॉल क्लबांच्या इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७ या काळात दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाला. सहा संघांत एफसी पुणे सिटी होता आणि आयएसएलमधला (पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमधला) तो एकमेव क्लब होता, हे पुण्यातले फुटबॉलवाले अजून अभिमानाने सांगतात. अभिमान ठीक आहे, पण त्या हंगामाचे वेळापत्रक एकदा कागदावर मांडून पाहावे. प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे साखळीत संघाला पाच सामने. उपांत्य आणि अंतिम फेरी धरून सगळे १८ दिवसांत आटोपले. नाव लीगचे, बेत स्पर्धेचा.

साधा घोटा मुरगळला तरी खेळाडूला दोन-तीन आठवडे बाहेर बसावे लागते. पहिल्याच सामन्यात मुरगळला, तर सूज उतरेपर्यंत हंगाम संपलेला. लाल कार्डामुळे एका सामन्याची बंदी आली की साखळीचा पाचवा हिस्सा गेला. दुसरी गोलकीपर तर बाकावरच राहते. पाचच सामने असताना तिला उतरवायची जोखीम कोण घेईल? मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने अंतिम सामन्यात ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला ३-० हरवले. त्यात नवल नव्हते. मणिपुरात मुलींचे क्लब फुटबॉल आधीपासून रुजलेले आहे, त्यामुळे तिथल्या मुली सराव करून दिल्लीला आल्या होत्या, सराव करायला नव्हे. भिवानी जिल्ह्यातल्या अलखपुरा या खेड्याचाही संघ त्या सहांत होता, हे पुण्यासारख्या शहराने जरा लक्षात घ्यावे.

या लीगमध्ये घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळण्याची पद्धत २०२३-२४ मध्ये आली. सात संघ, प्रत्येकी १२ सामने. तोवर पुण्याचा क्लब २०१९ मध्येच बंद झालेला.

पण वरच्या लीगमध्ये पुण्याचा संघ कधी येईल याची वाट पाहायची गरज नाही. गावातल्या गावात लीग उभी करता येते. आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली, तर एकूण सामने सात आणि चार संघ एकेक सामना खेळून घरी. त्याच आठ संघांची दुहेरी साखळी (प्रत्येकाशी दोनदा गाठ) घेतली, तर ५६ सामने आणि प्रत्येक मुलीच्या संघाला १४. एका मैदानावर शनिवारी दोन आणि रविवारी दोन असे खेळवले, की १४ आठवडे पुरतात. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुरुवात केली आणि दिवाळीचा एक आठवडा सोडला, तरी जानेवारीच्या मध्याला लीग संपते. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. सामने सकाळी सात आणि सव्वानऊला लावावेत, म्हणजे ऑक्टोबरचे ऊन तापायच्या आत दुसरा उरकतो. डिसेंबरात अर्धा तास पुढे ढकलले की झाले.

मैदान मात्र अकरा जणींचे हवे. संध्याकाळी तासावर भाड्याने मिळणारी टर्फ आता गल्लोगल्ली झाली आहेत. पाच जणींच्या खेळाला ती उत्तम, पण तिथे ऑफसाइड नसतो आणि चेंडू जाळीत कोंडलेला असल्याने उंच चेंडू कसा पेलायचा हे गोलकीपरला शिकताच येत नाही. मग मोठ्या मैदानावर पहिल्याच कॉर्नरला ती गोलरेषेवर खिळून उभी राहते. मुरमाचे मैदान असेल, तर आदल्या संध्याकाळी पाणी मारावे आणि सकाळी फक्की टाकावी. कोरड्या मुरमावर झेप घेणाऱ्या मुलीचे कोपर आणि कंबर सोलून निघते. पुढच्या वेळी ती झेपच घेत नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट गुडघ्याची. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असते, आणि पुष्कळदा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. उडी मारून खाली येताना किंवा एकदम वळताना गुडघा आत वळतो. फिफाचा ‘११+’ हा वॉर्मअप अशा दुखापती टाळण्यासाठीच आहे: आठ मिनिटे हळू धावणे, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी दोन मिनिटे वेगात धावणे. लागते फक्त मैदान, चेंडू आणि शंकूंच्या सहा जोड्या. आठवड्यातून किमान दोनदा करावा लागतो. प्रशिक्षकाने उड्यांच्या वेळी समोर उभे राहून पाहावे. खाली येताना गुडघे पायाच्या पंजांच्या रेषेत राहिले पाहिजेत. एकमेकांकडे झुकले, तर उडीची उंची कमी करून पुन्हा. वीस मिनिटे फुकट जातात म्हणून हेच आधी गाळले जाते.

बाकी रेफरी, दोन सहायक, स्ट्रेचर, बर्फ आणि रुग्णवाहिका यांची सोय संयोजकांना माहीत असतेच. जी नसते ती म्हणजे आतून कडी लागणारी कपडे बदलायची खोली आणि पाणी असलेले स्वच्छतागृह. हडपसरहून दोन बस बदलून बालेवाडीला येणारी मुलगी घरूनच किट घालून येते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. जिल्हा संघटनेने मैदान ठरवताना हे आधी तपासावे आणि वेळापत्रक जुलैतच जाहीर करावे, म्हणजे कॉलेजांना सहामाहीच्या तारखा त्याच्याशी जुळवता येतील.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, पुणे