बाबा, घड्याळ तुम्ही लावा

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "सिनेमासाठी दीड वर्ष दुसऱ्यांच्या गोष्टी वाचत बसलीस, तेवढ्यात स्वतःची एक लिहून झाली असती." मी हसून विषय बदलला. खरं म्हणजे झाली होती लिहून. १४० पानं, चार खर्डे. प्रत्येक खर्ड्यात माणसं आधीपेक्षा जास्त बोलत होती आणि घडत काहीच नव्हतं. सीन कुठे कापायचा हे मला कळतं, नटाला कुठे गप्प ठेवायचं तेही कळतं. कोऱ्या कागदावर माणूस उभा करण्याचं अंग मात्र माझ्यात नाही. हे स्वतःशी कबूल करायलाच सहा महिने गेले, ते त्या दीड वर्षात धरा.

मग ओळखीपाळखीत सांगितलं, की मला पटकथा हवी आहे. एक घर, चार-पाच पात्रं, बाहेरचे रात्रीचे सीन नकोत, पाऊस नको. अटी ऐकून लोकांना मी कंजूष वाटले. पण बाहेर रात्र दाखवायची तर अख्खा रस्ता उजळावा लागतो, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी सामान हलवलं की अर्धा दिवस तिथेच संपतो. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझने १९९२ चा 'एल मारियाची' हा सिनेमा सुमारे ७,००० डॉलर्समध्ये केला. हाताशी काय काय आहे ते आधी मोजलं आणि गोष्ट त्याभोवती लिहिली. (पुढे तो थिएटरात लावण्याजोगा करायला वितरण करणाऱ्या कंपनीने त्याच्या कितीतरी पट पैसे घातले, हे मात्र ही गोष्ट सांगणारे सांगत नाहीत.)

मी एक घर म्हटलं, तर निम्म्या लोकांनी त्या घरात प्रेत ठेवलं! खोलीत कोंडलेली माणसं, त्यातला एक खुनी, आणि शेवटी सगळं स्वप्न. असं स्वप्न मी सात वेळा वाचलं. उरलेल्यांपैकी बऱ्याच पटकथा नव्हत्याच, कादंबऱ्या होत्या. 'त्याला बालपणीची ती संध्याकाळ आठवते' असं लिहिलं, तर कॅमेरा कशावर लावू? पटकथेत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं असतं. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि पुढच्या पानावर पुन्हा कुणाला तरी काहीतरी आठवतं.

एकदा मिळालीसुद्धा होती. प्रत्येक सीनचं एक अशी कार्डं करून भिंतीवर लावली होती. मग लेखक सहज बोलून गेला, की मूळ गोष्ट एका जुन्या छापील कथेतली आहे. परवानगी? "नावं बदललीत की!" नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, हे खरं. पण ती जशी मांडली त्यावर असतो, आणि इथे प्रसंगामागून प्रसंग तोच होता. लेखकांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत लेखक गेल्यावरही निदान ५० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. इथे वारस तीन, त्यातल्या एकाचा पत्ताच नाही. कार्डं उतरवली. त्या आठवड्यात मी फोन उचलत नव्हते ना, ते यामुळे.

आताची पटकथा एका बाईंची आहे. दिवसभर हिशेब तपासतात, पहाटे लिहितात. पहिल्या दोन पानांत एकही संवाद नाही. म्हातारा घरातले दिवे एकेक करून बंद करत जातो, आणि शेवटचा बंद केल्यावर उलट पावली येऊन पहिला पुन्हा लावतो. का, ते चाळिसाव्या पानावर कळतं. मी ती उभ्यानेच वाचून काढली.

आता बाबा, रागावू नका. तुम्ही ठेव मोडून दिलीत, त्यातले पहिले पैसे या बाईंना गेले. कॅमेऱ्याला नाही, कुठल्या नटालाही नाही. १८ महिन्यांचा करार केला. तोवर ही पटकथा त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, आणि शूटिंगच्या पहिल्या दिवशी मी उरलेले पैसे द्यायचे. सिनेमा झालाच नाही तर दिलेले त्यांचे, हक्कही त्यांच्याकडे परत. "होईल की नाही ठाऊक नसताना पैसे कशाला?" असं तुम्ही विचारणारच. लाइटवाला हा प्रश्न ऐकूनसुद्धा घेत नाही. लेखकाला मात्र सगळे म्हणतात, आधी लिहा, मग बघू. मीही तीन वर्षांपूर्वी एकाला तसं म्हटलं होतं. त्याने लिहिलं आणि मी बघितलं नाही.

करारानंतर चार महिने आम्ही नुसतं कापत होतो. ११२ पानांची ९२ झाली. शेजारची मुलगी हे पात्रच गेलं. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि तिचं एक वाक्य त्यांनी म्हातारीच्या तोंडी घालून वाचवलंच. ते आता सिनेमातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे. सीनना एकदा नंबर पडले की ते बदलत नाहीत. सीन गेला तर नंबर तसाच ठेवून पुढे 'वगळला' लिहायचं, मध्ये नवा आला तर २४-अ. नाहीतर प्रत्येकाच्या हातातला कागद वेगळं बोलायला लागतो. आमच्याकडे असे सहा 'वगळला' आहेत.

आणि आई, इथे तुझं काम निघालं आहे. तुझ्या ऑफिसातल्या इंग्रजी टाइपरायटरचं अक्षर आठवतं? 'आय'ला जेवढी जागा, तेवढीच 'एम'ला. इंग्रजी पटकथा अजूनही तसल्याच अक्षरात लिहितात, क्युरिअर नावाचं अक्षर, १२ पॉइंट आकाराचं. त्यात एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. आपल्या अक्षरांत तो लंगडा पडतो, कारण 'र' आणि 'क्ष' यांची रुंदी सारखी नाही. शिवाय संवाद कुणाच्या तोंडी आहे, त्यावर सगळं. ३१ वा सीन कागदावर सव्वादोन पानांचा आहे. सकाळची गोळी घेतली की नाही, यावरून म्हातारा-म्हातारी वाद घालतात, एवढाच. वाचनाच्या वेळी तिशीतल्या दोन नटांनी तो दोन मिनिटांत संपवला. मला तो चार मिनिटांचा वाटतो. मी रोज पाच पानं धरून १९ दिवसांचं शूटिंग बसवलं आहे. असे दहा सीन पसरले तर दोन-तीन दिवस वाढतील, आणि तेवढे पैसे नाहीत.

म्हणून सोबत ती तीन पानं मोठ्या अक्षरांत छापून पाठवते आहे. आई, तू म्हातारीचं वाच. बाबा, तुम्ही म्हाताऱ्याचं वाचा आणि घड्याळही तुम्हीच लावा. अभिनय करू नका. चष्मा शोधायला उठलात, तर घड्याळ थांबवू नका. जिथे जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने नुसती रेघ मारा, वाक्य सुधारू नका. बाबा, हे खास तुमच्यासाठी. दोनदा वाचा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री, आणि दर वेळी किती वेळ लागला ते पानाच्या मागे लिहून कळवा.

वाचता वाचता मध्येच तुमचं खरं भांडण सुरू झालं, तर तो वेळ वेगळा लिहा.

तुमची,
धाकटी