घरात सुसू केली म्हणून पिल्लाला मारू नका

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यात आता बऱ्याच घरी पामेरियन दिसते. आधी वावरात राखणीला गावठी कुत्रं असायचं, ते बाहेरच राहायचं, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. आता हे लहानसं कुत्रं पोट्ट्यांसोबत दिवाणावर झोपते अन् फरशीवर सुसू केली की त्याच घरातले लोक त्याला चपलेनं हाणतात, नाक लघवीत घासतात, तरी सुधारलं नाही तर दुसऱ्या गावच्या बाजारात नेऊन सोडून देतात. मला हे पाहून लय वाईट वाटते, म्हणून लिहिते आहे.

ते पिल्लू मुद्दाम करत नाही हो. लहान जातीच्या कुत्र्याची मूत्राशयाची पिशवीच एवढीशी असते, अन् चार ते सहा महिन्यांचं होईपर्यंत लघवी धरून ठेवायची ताकद नीट येत नाही, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. मोटा हिशेब असा की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास अन् वर एखादा तास, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर दोन-तीन तासांच्या वर अपेक्षाच करू नये. आणि आपल्याकडे तर महिनाभराचं पिल्लूच आईपासून तोडून विकतात, आठ आठवड्यांच्या आत विकू नये असा नियम आहे पण विचारतो कोण.

त्याच्या वेळा ठरलेल्या असतात, झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की. आमची चिंगी उठल्याबरोबर अंग झटकते, मग खाली नाक घालून गोल गोल फिरते, तेवढं दिसलं की तिला उचलून अंगणात तुळशीमागं ठेवायचं. रोज तीच जागा. तिथं केली की लगेच, तिथल्या तिथं, भाकरीचा तुकडा अन् कौतुक. मागाहून मारून काही उपयोग नाही, त्याला समजतच नाही कशासाठी मारलं, उलट तुम्हाला घाबरून ते दिवाणाखाली लपून करायला लागते.

काही पिल्लं पाहुणा मोठ्यानं बोलत अंगावर वाकला की कान मागं पाडून जमिनीला चिकटतात अन् तिथंच सुटते. ते भीतीनं होते, रागावलं तर अजून वाढते. अशाला खाली बसून हळू आवाजात बोलवा.

फिनेलनं पुसलं की आपल्याला वास गेला असं वाटते पण कुत्र्याच्या नाकाला तो येतोच अन् ते परत तिथंच जाते. आधी कोरड्या फडक्यानं लघवी टिपून घ्या, मग पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा. शेणानं सारवलेली जमीन असेल तर ती लघवी पिते, तेवढी माती खरवडून काढून पुन्हा सारवावं लागते. पावसाळ्यात ही लहान कुत्री चिखलात पायच ठेवत नाहीत, तेव्हा पडवीच्या एका कोपऱ्यात पोतं टाकून जागा करून द्या.

एक मात्र हात जोडून सांगते, घरात करू नये म्हणून पाणी तोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कमी पाण्यानं लघवी घट्ट होते अन् खड्यांचा त्रास वाढतो. चांगलं शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं, थेंब थेंब करते, लघवीत रक्त दिसते, एकदम पाणी जास्त पिते, तर ती आजारपणाची खूण समजा, संसर्ग असेल, खडा असेल, मधुमेहसुद्धा असू शकते. नसबंदी झालेल्या मादीची झोपेत लघवी गळत असेल तर त्यालाही गोळ्या आहेत. नर जोर लावतो अन् थेंबही येत नाही तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, लघवी अडकली की जीव जातो.

आता दवाखान्याचं. शेजारच्यांनी रक्त जाणारं कुत्रं जवळच्या दवाखान्यात नेलं तर "कुत्र्याचं काय घेऊन आले, ढोरं पाहू द्या" म्हणून परत पाठवलं. गाय-बैल आधी हे मलाही पटते, शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे. पण लघवी तपासायला किती वेळ लागते? नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मजुरी करणाऱ्या माणसानं गाडीभाडं करून तिथवर कसं जायचं? तालुक्याला निदान आठवड्यातून एक दिवस कुत्र्या-मांजरांसाठी ठेवावा.

अन् सोडून देणाऱ्यांना धाक कसा बसणार, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे अन् पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हा दंड वाढायलाच पाहिजे.

तुमच्या पेपरात शेळ्या, कोंबड्या, दुभत्या जनावरांवर चांगली माहिती येते, आम्ही ती कापून ठेवतो. तशीच पशुवैद्यकाकडून पाळीव कुत्र्यांवर महिन्यातून एकदा तरी माहिती छापा, आमच्याकडे पेपर पारावर वाचला जातो, एकानं वाचलं की दहा जणांपर्यंत जाते.

आपली,
एक वाचक, जि. यवतमाळ